नेवार्तीची सात अक्षरं

शेडबाहेरच्या भिंतीला सात अक्षरं टेकवलेली होती. एन, ई, व्ही, ए, आर, टी, आय. प्रत्येकाची उंची सहाशे मिलिमीटर. आय सोडून बाकी सगळ्यांची रुंदी उंचीपेक्षा जास्त. टोकांना पात्यासारखे सपाट, बारीक पाय. योगिनी सस्तेनं दोनदा मोजलं आणि टेप गुंडाळली.

मोशीची योगिनी आधी एका कारखान्यात क्वालिटी तपासायची. आता खासगी तपास करायची. सोबतीला मामा, सोपानराव. निवृत्त हवालदार.

"एवढी फाकवलीत कशाला गं?" सोपानरावांनी विचारलं.

"हायवेवरून वाचता यावीत म्हणून," त्यांना बोलावणारी स्वरूपा म्हणाली. अक्षरांचं हे वळण, हा टाइपफेस, तिनंच काढला होता. "नेवार्तीची इलेक्ट्रिक स्कूटर पुढच्या काळातली वाटली पाहिजे. म्हणून रुंदी नवी. पण भरवसाही वाटला पाहिजे, म्हणून पाय जुन्या छापील अक्षरांसारखे."

तिची अडचण सरळ होती. प्रज्वल नावाच्या जुन्या सहकाऱ्यानं कंपनीला पूर्ण इंग्रजी वर्णमाला पाठवली होती. हुबेहूब हीच अक्षरं. माण गावातल्या ऑफिसात आपण ती स्वरूपाला फार पूर्वी दाखवली होती, तिनं चोरली, असं त्याचं म्हणणं. कंपनीच्या गेटवर या अक्षरांचा बोर्ड लागणार होता; त्याखालच्या पाटीवर ती काढणारा म्हणून कुणाचं नाव घालायचं, ते कंपनीच्या पुनम मॅडम उद्या ठरवणार होत्या.

"पाटीवर त्याचं नाव लागलं तर मी चोर ठरले. मग मला काम कोण देणार?" तिनं आवाज खाली आणला. "आणि मॅडमना मी फक्त छापील नमुना दिला होता. फाइल होती ती नवनाथकडे."

शेड नवनाथची, अक्षरं कापून देणारा तोच. तो दारातल्या मशीनपाशी वाकला होता, तसाच म्हणाला, "ऐकलं बरं का ताई. मशीन बहिरं हाय, मी न्हाई. फाइल कुणाला दिली न्हाई मी."

"मग माल असा उघड्यावर का, भाऊ?" सोपानरावांनी हवालदारी सूर लावला.

"रंग सुकाया. आत भुसा उडतो, चिकटतो. आठवडा झाला, रस्त्याकडं तोंड करून उभी हायत."

योगिनीनं आयच्या खांबाला पाय जिथं जुळतो त्या खोबणीत नख फिरवलं. "हा कोपरा गोल आहे."

"कापायचा बिट गोल फिरतो ना ताई. बाहेरचा कोपरा टोकदार निघतो, आतला निघत न्हाई. लांबून कोण बघतंय!"

"मी बघते," स्वरूपा पुटपुटली. "माझ्या फाइलमध्ये तो टोकदार आहे."

माणच्या चकचकीत ऑफिसात प्रज्वलनं कॉफी मागवली आणि सव्वीस अक्षरांचा मोठा कागद पसरला. योगिनीनं भिंग काढलं. कॉफी निवली तरी ती वाकलेलीच होती.

"हे आतले कोपरे मऊ केलेत. छान दिसतात."

प्रज्वल खुलला. "थँक्यू! मुद्दाम केलेत. गाडी भविष्यातली, पण माणसाळलेली. पूर्ण वर्णमालेला एकच नियम."

"चाकणला नवनाथच्या शेडमध्ये गेला होतात?"

"कशाला? धूळ खायला? मी लॅपटॉपवर काम करतो."

गाडीत सोपानराव म्हणाले, "नवनाथनंच फाइल विकली. तोंडावरून वळखतो मी."

"मामा, तोंडं बघून तुम्ही किती चोर पकडलेत?"

"एक," सोपानराव म्हणाले. "तोबी सुटला."

दुसऱ्या दिवशी पुनम मॅडमच्या केबिनमध्ये सगळे होते. योगिनीनं दोन कागद टेबलावर ठेवले: एक स्वरूपाच्या फाइलचा, एक प्रज्वलचा.

"फाइलमध्ये आणि छापील नमुन्यात आतले कोपरे टोकदार आहेत. नवनाथनं फाइल दिली असती, तर प्रज्वलचे कोपरेही टोकदार आले असते. त्याचे गोल आहेत. म्हणजे नवनाथनं फाइल दिलेली नाही."

"मी तेच म्हणतोय," प्रज्वल म्हणाला. "गोल कोपरे ही माझी कल्पना."

"पूर्ण वर्णमालेला एकच नियम, असं म्हणालात. मग हा एच बघा. एच आणि आय, दोघांचे खांब सारखे, पाय सारखे. आयचे कोपरे गोल, एचचे टोकदार. असं का?"

"एच नंतर काढला."

"के, एल, एम? तेही टोकदार. सव्वीसपैकी सातच अक्षरांचे आतले कोपरे गोल आहेत. एन, ई, व्ही, ए, आर, टी, आय. रस्त्याकडं तोंड करून उभी होती तीच. ती गोलाई कुणाला सुचलेली नाही, ती मशीनच्या बिटानं सोडलेली आहे. तुम्ही फोटो काढून सात अक्षरं गिरवली. उरलेली त्यांच्या चालीवर स्वतः रचली, तेव्हा हात सवयीनं टोकदार कोपरे काढत गेला."

प्रज्वलनं एचवर बोट ठेवलं, मग आयवर. बोट तिथंच राहिलं.

"पाहिजे तर माझ्या वकिलाशी बोला," तो अखेर म्हणाला आणि लॅपटॉप बंद केला.

पुनम मॅडमनी पाटीचा कागद स्वरूपापुढे सरकवला. "नाव कसं लिहायचं ते तपासून घ्या."

स्वरूपानं तपासलं आणि कागद नवनाथकडे दिला. "भाऊ, मी तुमच्यावर..."

"ऱ्हाऊ द्या ताई. अक्षरं किती उंच करू?"

"बारा मिलिमीटर."

दोन दिवसांनी गेटवर बोर्ड चढला. त्याखाली, डोळ्यांच्या उंचीवर, पाटी बसली. सोपानराव चष्मा लावून तिच्यापुढे उभे राहिले आणि स्वरूपाचं नाव किती लांबून वाचता येतं ते बघायला, ते मोठ्यानं वाचत मागे सरकू लागले. जिथं अडखळले तिथं योगिनीनं खडूनं रेघ मारली आणि टेप ताणली.

चार मीटर वीस सेंटिमीटर.