मागच्या खुर्चीवरचं जाकीट

बोटीचा पास वर्षातून एकदाच मिळतो. हे त्या बोटीच्या इंजिनावर कामाला आहेत, म्हणून घरच्या दोन माणसांना एका संध्याकाळची शहरदर्शनाची फेरी. तीन वर्षं तो पास कपाटात पडून पडून बाद झाला. कधी मला दिवस गेलेले, कधी कुणाचं दुखणं. या वर्षी सासूबाईच म्हणाल्या, "जा गं बाई, जरा वारा लागू दे डोक्याला. तुझं तोंड बघवत नाही हल्ली. तान्ह्याला मी सांभाळते."

तोंड बघवत नव्हतं हे खरंच. धाकटा आठ महिन्यांचा, दात येत होते, रात्रभर किरकिरायचा. आणि थोरली पाच वर्षांची, दिवसभर पायात पायात. तिला आम्ही खारू म्हणतो. घास पटकन गिळायचाच नाही, गालात धरून अर्धा अर्धा तास हिंडायचं, म्हणून खारू. गाल भरलेला असला की तिची "आई" अशी हाक उशीखालून आल्यासारखी यायची. रोज रात्री तिचा डोळा लागला की मी करंगळी तिच्या गालात फिरवून बघायची, काही राहिलंय का. झोपेत घशात अडकलं तर? हे हसायचे. "पोलीस बरे तुझ्यापेक्षा," म्हणायचे, "ते तरी झोपलेल्या माणसाची झडती घेत नाहीत."

साडेसहाची फेरी होती. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा हे आधीच खाली इंजिनाच्या खोलीत उतरलेले. फेरी संपेपर्यंत त्यांना वर यायला मनाई. जिन्याच्या भोकातून एक तेलकट हात वर आला आणि त्याने खारूला टाटा केला.

"मावशी सांगेल तसं करा," हातामागून आवाज आला. "आणि तू उगाच घाबरू नकोस. नदी आहे, समुद्र नाही."

मावशी म्हणजे बोटीवरची जाकीट-मावशी. साठीच्या पुढची, वाळकी, गळ्यात शिट्टी. बुडू नये म्हणून घालायचं ते नारिंगी जाकीट प्रत्येकाच्या अंगावर चढवायचं, पट्टा ओढायचा, कट्‌कन बक्कल लावायचं आणि माणूस पुढे ढकलायचा, एवढंच तिचं काम. त्या दिवशी कुठल्या तरी क्लासची वीस-पंचवीस मुलं आली होती. छोटी जाकिटं सगळी त्यांच्यातच संपली. खारूच्या वाट्याला मोठ्या माणसाचं आलं. तिने हात वर केले की अख्खं जाकीट डोक्यावरून निघून यायचं.

"मावशी, हे सैल होतंय हो."

"आता आहे ते हेच बाई. जवळ घेऊन बस, हात सोडू नकोस, झालं."

झालं कसं? माझ्या डोळ्यांपुढे जाकीट वर तरंगत होतं आणि पोर खाली गेलेली होती. मला बसल्या बसल्या असलं काहीबाही दिसतं. घरात जिन्यावर दिसतं, गॅलरीत दिसतं, बादलीत दिसतं. दुसरं काही नाही का म्हणून मी बोटीवर नजर फिरवली, तर शेवटच्या रांगेत, अगदी कोपऱ्यातल्या खुर्चीला एक छोटं जाकीट बांधलेलं दिसलं. रंग विटलेला. बक्कल लावलेलं, पट्टा आवळलेला, जणू त्यात कुणी बसलंय. खुर्ची मात्र रिकामी. तिच्या शेजारच्या दोन खुर्च्याही रिकाम्या, एवढी गर्दी असून.

जादाचं असेल, असं मला वाटलं. मावशी पुढच्या टोकाला होती, दोर सोडायची घाई चालली होती. मी गेले आणि बक्कल काढलं.

जाकीट बाहेरून दमट होतं आणि आतून कोमट. आत्ताच कुणी अंगातून काढल्यासारखं. वास येत होता, न वाळलेल्या फडक्याचा आणि शेवाळाचा. कळलं मला ते सगळं. पण खारूच्या अंगाला ते असं बेतानं बसलं, अगदी मापाचं, की माझा जीव भांड्यात पडला आणि बाकीचं मी मनावर घेतलं नाही.

बोट सुटली. टेपवरची बाई गोड आवाजात सांगायला लागली, डाव्या हाताला हे, उजव्या हाताला ते. शहर खालून बघितलं की निराळंच दिसतं. इमारतींच्या पुढच्या बाजूला दिवे, काचा, पाट्या. नदीकडच्या बाजूला मोऱ्यांचे पाइप, वाळत घातलेले कपडे, स्वयंपाकघरात पाठमोऱ्या उभ्या बायका. ज्या पुलावरून मी रोज दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जाते, त्याचं पोट पहिल्यांदा बघितलं. काळं आणि ओलं. मग ते हॉस्पिटल आलं. धाकट्याच्या वेळी मी त्याच्या वरच्या मजल्यावर चार दिवस होते. तिथल्या खिडकीतून ही बोट जाताना दिसायची आणि वाटायचं, काय सुखी लोक असतील ते.

"आई, पाणी किती खोल?"

"खूप."

"आई, पूल पडला तर?"

"नाही पडत."

"आई, बाबा आत्ता पाण्याच्या खाली आहेत?"

"बिस्किट खा."

तिने बिस्किट घेतलं, अर्धं डाव्या गालात सारलं आणि पुन्हा कठड्याच्या गजावर चढली. मी ओढली. ती चढली. मी ओढली. असं किती वेळा झालं कोण जाणे. नदीवर एकंदर सहा पूल. चौथ्याच्या पलीकडे मी तिला दंडाला धरून खाली बसवलं. माझे डोळे चुरचुरत होते, पाठीत कळा येत होत्या, आणि आठ महिन्यांची झोप डोक्यावर दगडासारखी बसली होती.

"किती छळशील गं!" मी म्हटलं. "कुणीतरी घेऊन जा बाई हिला घडीभर."

मोठ्याने नाही म्हटलं. पण म्हटलं. कुठली आई म्हणत नाही?

पाचवा पूल जुना आणि ठेंगणा. त्याच्याखाली शिरताना बोटीवरचे दिवे मुद्दाम घालवतात, म्हणजे पलीकडे निघाल्यावर शहराची रोषणाई एकदम डोळ्यांत भरावी. टेपवरची बाई गप्प झाली. दिवे गेले. क्लासची पोरं आनंदाने किंचाळली आणि मग त्यांचा आवाजही कुठेतरी लांब गेला. इंजिनाची धडधड तेवढी पायांखाली. वरून थेंब पडत होते. शेवाळाचा वास दाट झाला. खारूचा हात माझ्या उजव्या हातात होता…

आणि माझा डोळा लागला.

किती वेळ, सांगता येणार नाही. एखादा श्वास असेल. दचकून जागी झाले तेव्हा हात रिकामा होता आणि अंधार तसाच.

"खारू…?"

अंधारात मी हात फिरवला.

"खारू, कुठे आहेस गं…?"

डाव्या बाजूने एक हात आला आणि माझ्या मुठीत शिरला. गार, ओलाचिंब हात.

"पाण्यात हात घातलास ना? काय सांगितलं होतं मी?"

दिवे आले. खारू शेजारी बसली होती, दोन्ही गुडघे जुळवून, समोर बघत. मी मनात म्हटलं, दमली एकदाची. सुटले.

सहाव्या पुलाच्या पुढे बोट वळते. तिथे लोक उठून फोटो काढतात. त्या गर्दीतून जाकीट-मावशी मागच्या रांगेपर्यंत आली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी थबकली. मग तिने खारूकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"ते जाकीट कुठून घेतलंस?" अगदी हळू विचारलं.

"तिथलंच… खुर्ची रिकामी होती म्हणून…"

"रिकामी नव्हती बाई ती."

"कुणाचं आहे ते?"

"मला नाही ठाऊक. माझ्या आधी जी बाई होती तिने सांगितलं, बोट सुटायच्या आधी हे खुर्चीला बांधायचं. मी बांधते. तिनेही कुणाला विचारलं नव्हतं." ती खाली वाकली. "खरं सांग. अंधारात पोरीचा हात सुटला होता?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण पोर पडली की आईचं लक्ष नव्हतं, पोर आजारी पडली की आईनेच काहीतरी खायला घातलं, हे इतकं ऐकलंय मी, की तोंडातून आधी 'नाही'च निघतं.

"नाही," मी म्हटलं.

"नक्की ना?"

"नाही म्हटलं ना मावशी!"

"मग बरं…" तिने सुस्कारा सोडला. खारूच्या अंगातलं जाकीट काढलं, तिला क्लासच्या एका मुलाने उकडतंय म्हणून काढून ठेवलेलं घातलं, आणि ते विटकं जाकीट परत खुर्चीला बांधायला घेतलं. मी बघत होते. तिने पट्टा ओढला तर तो खुर्चीच्या पाठीपर्यंत गेलाच नाही. मध्येच अडला. आत कुणाचं तरी अंग असावं तसा.

मावशीने तिथेच बक्कल लावलं.

"आता परत जाताना पाचव्या पुलाखाली मागे बघायचं नाही. जो हात हातात आहे तो सोडायचा नाही. काही ऐकू आलं तरी… कळलं?"

मी मान हलवली. मी खारूचा हात दोन्ही हातांनी धरला. माझी नखं तिच्या कातडीत रुतली असतील, पण ती हूं की चूं करेना.

पुन्हा दिवे गेले. पुन्हा थेंब. आणि मागच्या रांगेतून हाक आली.

"आई…"

उशीखालून आल्यासारखी.

मी डोळे मिटून घेतले. फसवतंय, मी स्वतःला सांगितलं. मावशीने सांगितलंय, ऐकू येणार, बघायचं नाही.

"आई… आई गं…"

खुर्चीचे पाय फळीवर खडखडले. बक्कलाशी कुणीतरी झटापट करत होतं. तिसऱ्या वेळी त्या हाकेत रडू होतं. माझी मान आपोआप वळायला लागली, तेवढ्यात शेजारून कुणीतरी माझ्या कानाशी आलं. श्वास लागला नाही, नुसता आवाज.

"सोडू नको हं, आई."

मी नाही सोडला.

धक्क्यावर उतरताना मावशीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "धीराची आहेस," म्हणाली.

त्या रात्री खारू ताटातलं सगळं जेवून उठली. आपलं ताट आपण उचललं. आपणहून अंथरुणात गेली, गोष्ट मागितली नाही, माझा पदर धरला नाही. धाकट्याच्या पाळण्यापाशी जाऊन उभी राहिली आणि तो रडायचा थांबला, तो आजतागायत थांबलाच आहे. सासूबाई खूश. "एका फेरीत शहाणी झाली बघ! पुढच्या वर्षी मला पाठव, म्हणजे मीही सुधारेन."

सगळे झोपल्यावर मी नेहमीसारखी करंगळी तिच्या गालात घातली. गाल रिकामा होता. गुळगुळीत. आणि गार, नळाखाली धरलेल्या वाटीसारखा गार. मी हात मागे घेतला तेव्हा दिसलं, तिचे डोळे उघडे होते. तोंड माझ्यासाठी तसंच उघडं धरून ती शांतपणे पडली होती.

"बघ," ती म्हणाली. "काही नाही."

झोप लागली नसेल तिला, दमली असेल, थंडी बाधली असेल. पंधरा दिवस मी असं काही ना काही म्हणत राहिले. घरात इतकी शांतता कधी नव्हती. मला झोपायला हवं तेवढं झोपता आलं असतं. मी रात्र रात्र आढ्याकडे बघत पडायची.

काल यांची सुट्टी होती. संध्याकाळी बोलता बोलता हे म्हणाले, "जाकीट-मावशी वैतागलीय. बोटीवर उंदीर झालेत म्हणते. मागची ती खुर्ची आहे ना, जाकीट बांधलेली? त्या जाकिटाच्या गळ्याशी रोज बिस्किटाचा गोळा सापडतो. लोक सांडतात ते तुकडे उचलत असणार. पण खात नाही लेकाचा. चावतो, ओला करतो आणि ठेवून देतो."

माझ्या हातातलं भांडं खाली गेलं.

"अगं, काय झालं? उंदरांना काय एवढं?"

"मला बोटीवर जायचंय," मी म्हटलं. "उद्या. हिला घेऊन."

"आत्ताच तर गेली होतीस! आणि तुला तर पाण्याची भीती…"

कोपऱ्यात चित्र रंगवत बसलेली ती उठली. चित्र म्हणजे काय, पूल होता, काळ्या रंगाने पान भरून काढलेला. ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि मान वर करून माझ्याकडे बघू लागली.

"आई, मी त्रास देत नाही ना आता?"

यांनी कौतुकाने तिच्या डोक्यावर टपली मारली. "अजिबात नाही! गुणाची पोर आहे माझी."

घड्याळात सव्वासात झाले होते. सव्वासातला बोट पाचव्या पुलाखाली असते. तिचा गार, ओला हात माझ्या हातात होता, कधी आला ते कळलं नव्हतं. मी तो सोडवायला गेले. सुटेना. जोर लावला, तरी सुटेना. मग मी खाली बघितलं.

तिची बोटं सैल, सरळ होती. तिने मला धरलंच नव्हतं.

मूठ माझी आवळलेली होती.