सात शनिवारांची गिटार

"ती घेऊ नका."

वनमाला दचकली. हातातली गिटार सुटता सुटता राहिली. मावशीकडून निघाल्यावर घाटकोपरची बस अर्धा तास आली नाही, म्हणून ती अंधेरी स्टेशनसमोरच्या वाद्यांच्या दुकानात नुसती डोकावायला शिरली होती. आणि इथं तर कुणीतरी थेट हुकूमच सोडत होतं!

"घेऊ नका म्हणजे? का?" तिने फणकाऱ्याने विचारलं.

दुकानाच्या मागच्या बाजूला, एका लांब बाकड्यामागे, उघडलेल्या हार्मोनियमच्या पसाऱ्यात तो बसला होता. सावळा, काटक, कानावर पेन्सिल, केसांत लाकडाचा भुसा. आणि डोळे असे, की... वनमालाने पटकन गिटारकडे पाहिलं.

"नेणार कुठं तिला?" त्याने विचारलं.

"डोंगरावर."

"डोंगरावर?"

"हो. कान्हेरी, येऊर, कर्नाळा. कधी अक्साच्या वाळूत. आमच्या ऑफिसचा ग्रुप आहे, एक रविवार सोडून जातो."

"मग तर नकोच नको. एवढं मोठं पोट हिचं. बसमध्ये कंडक्टर हिचं वेगळं तिकीट मागेल."

तिला हसायचं नव्हतं. पण हसली. काय करणार?

आता ही वनमाला राऊळ म्हणजे कोण, तर विक्रोळीच्या एका कारखान्यातली टायपिस्ट. वय तेवीस, मूळ गाव कणकवलीकडचं, वडील गिरणीत. आणि पायाला जन्मापासूनची भिंगरी. सुट्टीच्या दिवशी ही मुलगी दोन तास घरात बसली, तर आई कपाळाला हात लावून ताप बघायची. ग्रुपमधल्या मधुकरकडे गिटार होती, त्याने तिला चार कॉर्ड शिकवले होते. एप्रिलमध्ये मधुकरची नागपूरला बदली झाली, गिटारही गेली. तेव्हापासून डोंगरावर पोचलं की लोक नुसते पत्ते कुटत बसत. वनमालाला ते बघवेना. तिने शंभर रुपये साठवले आणि ठरवलं, आपणच घ्यायची. स्वस्त, हलकी, पाठीवर टाकून चढता येईल अशी.

"अशी मिळेल?" तिने विचारलं.

"मिळेल की. पण घाई नको." तो उठून जवळ आला. "पुढच्या शनिवारी या. नवीन माल येणार आहे."

"नाव काय तुमचं?"

"रामनाथ."

पुढच्या शनिवारी मावशीने भाचीला दारात बघून डोळेच मोठे केले. लागोपाठ दोन शनिवार? तिला काय ठाऊक, की तिच्या हातचा चहा वनमालाने उभ्या उभ्या, जीभ भाजून घेत संपवला तो कशासाठी!

रामनाथने दोन नव्या गिटारी खाली काढल्या. एक उचलून त्याने डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटला आणि दांडीवरून नजर टाकली, सुतार फळी बघतो तशी.

"वाकडी."

"मला तर सरळ दिसते."

"इकडे या. अशी बघा."

ती त्याच्या खांद्याशी येऊन उभी राहिली. दांडी दिसली की नाही, देव जाणे. भुशाचा आणि सरसाचा वास मात्र आला, आणि त्याच्या मानेवरचा एक बारीक तीळ दिसला.

"दिसलं?"

"दिसलं," ती म्हणाली.

तिसऱ्या शनिवारी एक छान होती. लहान अंगाची, तपकिरी. वनमालाने ती मांडीवर घेतली, चारातले तीन कॉर्ड वाजवले... आणि तिला वाटलं, हीच! रामनाथ मात्र म्हणाला, "तारा बघू. दांडीपासून किती वर आहेत ते बघायचं असतं. फार वर असल्या की बोटं कापतात. बोट दे..." तो अडखळला. "म्हणजे... द्या."

"दे म्हटलंस तरी चालेल," वनमाला म्हणाली. आणि बोललेलं लक्षात येताच कानापर्यंत लाल झाली.

त्याने तिचं बोट धरलं. तारेखाली ठेवलं. लगेच सोडायला हवं होतं... सोडलं नाही. तिनेही ओढून घेतलं नाही.

"तारा ठीक आहेत," तो घाईने खुंट्यांकडे वळत म्हणाला. "लाकूडही प्लायचं आहे, ते बरं. भारी पातळ फळी उन्हापावसात तडकते. पण... खुंट्या घसरतात हिच्या. दर गाण्याला सूर लावत बसशील. राहू दे."

राहू दे तर राहू दे! वनमालाला मुळीच वाईट वाटलं नाही, आणि तेच तिला विचित्र वाटलं. गिटार न मिळाल्याचा आनंद होतो का कुणाला?

मग मात्र तिची पार वाट लागली. सोमवारी टायपिंगमध्ये 'मंडे'च्या जागी 'सॅटर्डे' पडला. मंगळवारी साहेबांनी तेच पत्र तीनदा परत पाठवलं. बुधवारी रात्री जेवताना ती चार वेळा उठून खिडकीशी गेली, तेव्हा आई वैतागून म्हणाली, "काय गो, बस मगे एका जाग्यार!" बसवेना. गुरुवार संपता संपेना. शुक्रवार तर नुसता छळ. आणि शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं, की हिचे पाय जमिनीला लागत नसत.

चौथा शनिवार, पाचवा शनिवार. एक गिटार फार जड निघाली, एकीची घोडी, म्हणजे तारा बांधायची खालची पट्टी, सैल निघाली. रामनाथ तिला सांगत होता, "तुला नायलॉनच्या तारा हव्यात. बोटांना मऊ, आणि खाऱ्या हवेत गंजत नाहीत. लहान गिटारीला लोखंडी तारा कधी लावू नकोस, ताण सोसत नाही तिला." ती ऐकत होती. मधेच तो दाराशी जाऊन आभाळाकडे बघून यायचा, वारा कुठून येतोय ते हाताने चाचपायचा. सुताराला वाऱ्याशी काय करायचंय, असं तिला वाटायचं, पण तिने कधी विचारलं नाही.

सहाव्या शनिवारी त्यानेच सांगितलं. हातातल्या खुंटीवर कानस फिरवत, खाली बघून.

"पुनवेनंतर मी इथं नसेन हां."

"नसशील म्हणजे?"

"मी वर्सोव्याचा. कोळी. पावसाळ्यात आमच्या होड्या वर ओढलेल्या असतात, तेवढे महिने इथल्या मालकांकडे, भाऊंकडे सुतारकाम करतो. नारळी पुनवेला दर्याला नारळ दिला की होडी पाण्यात. मग मी कसला सापडतोय!"

तो हसला.

"मग... गिटार?"

"त्याआधी मिळेल की," तो म्हणाला आणि कानस जोरात घासायला लागला.

बसमध्ये तिने बोटांवर मोजलं. पुनव तीन ऑगस्टला, म्हणजे हातात एकच शनिवार. त्या एका शनिवारी आपण बोललो नाही, तर हा माणूस समुद्रात जाणार आणि आपण घाटकोपरला खिडकीशी उभं राहणार, जन्मभर. नाही! बोलायचं. तो नाही बोलला तर आपण बोलायचं. तिने आठवडाभर वाक्यं जुळवली, पुसली, परत जुळवली.

आणि सातव्या शनिवारी बाकडं रिकामं.

"रामनाथ वर्सोव्याला गेलाय, होडी रंगवायला," दुकानाचे मालक भाऊ चष्म्यावरून बघत म्हणाले. "पण बाई, तुमचं एकदा काय ते ठरवा बघू. ही घ्या ना. लहान, हलकी, दांडी सरळ. शंभराच्या आत याहून चांगली अख्ख्या अंधेरीत मिळायची नाही."

तीच तपकिरी.

"हिच्या खुंट्या घसरतात ना?"

"कुणी सांगितलं?" भाऊंनी खुंटी पिळून दाखवली. घट्ट. दुसरी, तीही घट्ट. "महिनाभर ही आत कपाटात होती. रामनाथ म्हणाला, हिला कुणाला दाखवू नका. आज साफसफाईत सापडली."

वनमालाचं डोकं सणकलं. म्हणजे हा माणूस खोटं बोलत होता! आपण वेड्यासारखे शनिवारमागून शनिवार हेलपाटे घालतोय, आणि हा मजा बघतोय! डोळ्यांत पाणी आलं ते तिने रागाने पुसलं.

"बांधा. आणि तारा लोखंडी लावा."

"अहो, रामनाथ म्हणतो हिला नायलॉनच..."

"रामनाथला कुणी विचारलंय?"

दुसऱ्या दिवशी कान्हेरीच्या कातळावर, सगळा ग्रुप गोल करून बसलेला, वनमालाने जोशात तिसरा कॉर्ड छेडला आणि कडाड्! घोडी मुळापासून उखडून तारांसकट लोंबायला लागली. सगळे पोट धरून हसले. तीही हसली, खोटं खोटं.

परतताना मोडकी गिटार मांडीवर घेऊन ती बसच्या खिडकीशी बसली. राग धुमसत होताच. लबाड! चांगली वस्तू वाईट म्हणून सांगितली. गिऱ्हाईकाला फसवणारे पुष्कळ बघितलेत, पण ते वाईट माल चांगला म्हणून गळ्यात मारतात. चांगला माल वाईट म्हणून लपवून ठेवायचा, विकायचाच नाही, याने दुकानदाराचा काय फायदा...

ती ताडकन सरळ बसली.

"अगं बाई!" ती मोठ्याने म्हणाली. शेजारच्या म्हाताऱ्याने घाबरून पिशवी जवळ ओढली.

पुनवेच्या दुपारी ती वर्सोव्याला पोचली. चादरीत गुंडाळलेली गिटार काखेत. सगळा कोळीवाडा सणात होता. नव्या रंगातल्या होड्यांवर पताका फडफडत होत्या, बायका दागिने घालून, केसांत फुलं माळून गल्लीत जमल्या होत्या, बँडवाले वाद्यं पुसत होते. आणि सगळे तिच्याकडे बघत होते. परत फिरावं... दोनदा वाटलं. पण पाय पुढेच चालले होते.

रामनाथ एका होडीच्या कडेवर उभा राहून दोर आवळत होता. नवा सदरा, डोक्यावर लाल टोपी. तिला बघितलं आणि हातातला दोर तसाच राहिला. खाली उडी मारून तो आला, चादर उलगडली आणि गिटार बघून कळवळला.

"लोखंडी तारा? कुणी लावल्या?"

"मी."

"मी सांगितलं होतं ना, नायलॉन!"

"म्हणूनच लावल्या."

तो उखडलेल्या घोडीवरून अंगठा फिरवायला लागला.

"खुंट्या घट्ट होत्या, रामनाथ. गिटार चांगली होती. खोटं का बोललास?"

त्याने मान खाली घातली. मग वर बघितलं. "चांगली आहे म्हणालो असतो, तर घेऊन गेली असतीस तू."

आता? आठवडाभर जुळवलेली सगळी वाक्यं वनमालाच्या डोक्यातून पार उडाली.

"मग बोलला का नाहीस?" तिचा आवाज चिरकला.

"काय बोलू? तू ऑफिसात जाणारी. मी आठ आठ दिवस पाण्यात. मागे राहणाऱ्या बाईचा जीव कसा टांगणीला लागतो, ते मी आईकडे बघून शिकलोय." त्याने टोपी काढून हातात घेतली. "भाऊ म्हणतात, बाकडं कायमचं घे. बारा महिने. तू म्हणत असशील तर... आज होडीवर चढत नाही. सांग."

वनमालाने त्याच्याकडे बघितलं. दर शनिवारी तो बाकड्यामागे असेल, बारा महिने, बस पकडली की समोर! 'हो' अगदी ओठावर आलं. पण इथं तो कसा उभा होता! दुकानात सारखा दाराकडे धावणारा माणूस हा नव्हेच. इथं त्याची नजर दुसरीकडे कुठंच जात नव्हती.

"नको," ती म्हणाली. "जा तू होडीवर. मला उद्या कुणी म्हणालं, डोंगर सोड आणि घरी बस, तर मी बसेन? मला काळजी वाटेल, चैन पडणार नाही, मी खिडकीशी येरझाऱ्या घालीन. घालीन! त्या मी आताही घालतेच आहे."

"वनमाला..."

"एक गिटार पसंत करायला मला सात शनिवार लागले रे. माणूस पहिल्याच शनिवारी पसंत पडला होता."

तेवढ्यात फुलांचं तबक घेऊन एक ठसठशीत बाई लगबगीने आली. ही त्याची आई, पार्वती.

"रामनाथ, नारल निघाला, चल! आनि ही कोन रं?"

"आये, ही वनमाला."

पार्वतीने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "शनवारची ती हीच काय?"

म्हणजे घरात नाव पोचलं होतं! वनमालाने लाजून पदराशी चाळा केला, पार्वतीने तबकातली अबोलीची वेणी उचलून सरळ तिच्या केसांत खोचली आणि पुढे निघून गेली.

बँड सुरू झाला. सोनेरी कागदातला नारळ घेऊन मिरवणूक किनाऱ्याकडे वळली. रामनाथने गिटार चादरीत नीट गुंडाळून छातीशी धरली.

"आत्ता घरी ठेवतो. परत आलो की सरस लावतो, वर शिकंजा आवळतो, नायलॉनच्या तारा घालतो. पुढच्या रविवारी येशील घ्यायला?"

"गिटार घ्यायला नाही येणार."

त्याचा चेहरा पडला. "मग?"

"तुला घ्यायला येईन. घाटकोपरला न्यायला, आईबाबांसमोर. आणि ऐक, होडीवरून सरळ ये, उशीर केलास तर मी किनाऱ्यावर उभी राहून गाव गोळा करीन."

"येतो," तो म्हणाला. "पहिल्या भरतीला येतो."

तो निघाला. पण पुढे बघून चालेल तर शपथ! मान वळवून, तिच्याकडे बघत, उलटा उलटा चालत राहिला आणि थेट ढोलवाल्यावर आदळला. सगळी गल्ली हसली. अबोलीची वेणी सावरत वनमाला सगळ्यांत मोठ्याने हसली, आणि मग रडली, आणि मग मिरवणुकीमागून किनाऱ्याकडे धावत सुटली.