हाकेच्या आधी

सर्व्हर पुन्हा आडवा झाला तेव्हा तिच्या हातात अर्धं सोललेलं संत्रं होतं.

काचेपलीकडच्या हॉलमध्ये एकच गलका उठला. शहरात कुठूनही रुग्णवाहिकेसाठी फोन आला की तो याच हॉलमध्ये वाजायचा. हेडफोन लावलेल्या बायका पत्ता टाइप करायच्या आणि सर्व्हर जवळची गाडी हेरून तिच्या चालकाला निरोप धाडायचा. आता सगळ्या पडद्यांवर नुसतं चाक गरगरत होतं.

"सर्व्हरबाई, तिकडे माणूस तडफडतोय!" प्रमुख मॅडम दारातूनच ओरडल्या. "तुमच्या त्या जावास्क्रिप्टला जरा समजावा!"

सर्व्हरबाई हे नाव हॉलमधल्या बायकांनी ठेवलेलं. आधीच्या लोकांनी जावास्क्रिप्ट या संगणकी भाषेत लिहून अर्धवट टाकलेला सर्व्हर तिच्या एकटीच्या गळ्यात पडला होता. तिच्या लॅपटॉपवर त्याचा प्रोग्राम शहाण्या मुलासारखा वागायचा. हॉलच्या खऱ्या यंत्रावर चढवला की रुसायचा. चूक असायची एकीकडे आणि संदेश भलत्याच फाइलकडे बोट दाखवायचा. लोकांनी फुकट वाटलेल्या तयार प्रोग्रामांची शेकडो पॅकेजं आत कोंबलेली. एकाला हात लावला की तिसरंच कण्हायला लागायचं.

पण ती हटणारी नव्हती. एकेक पॅकेज उघडून वाचत गेली, आणि शेवटी चोर सापडला. तो सर्व्हर म्हणजे एका खिडकीवर बसलेला एकच कारकून. वेळखाऊ काम बाजूला सोपवून तो पुढच्या माणसाकडे वळत राहिला, तरच रांग सरकणार. आणि कोपऱ्यातलं एक फडतूस पॅकेज प्रत्येक फोनला शहराचा अख्खा नकाशा पहिल्यापासून वाचायला बसत होतं. तेवढा वेळ कारकुनाची मानच वर होत नव्हती. तिने ते पॅकेज उपटून फेकलं आणि तेवढा भाग स्वतः नव्याने लिहिला.

त्यानंतर सर्व्हरने एकदाही मान टाकली नाही. मॅडमनी सगळ्यांसमोर तिची पाठ थोपटली. हॉलमधल्या सर्वांत जुन्या बाई, ज्यांना सगळ्या काकी म्हणत, तिला जवळ घेऊन म्हणाल्या, "पोरी, आज किती दिवसांनी मी कुणाला 'थांबा' म्हणाले नाही."

त्याच आठवड्यात तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. तो रुग्णवाहिका चालवायचा.

"ताई, तुझं यंत्र चळलंय का गं? पाठवलं म्हणून आलो, तर इथे आजोबा मजेत पेपर वाचतायत. आजी म्हणते, आम्ही कुठे बोलावलं?"

"परत ये. मी बघते."

"थांब, पाणी देतायत ते..."  मग पेला फुटल्याचा आवाज, आणि भावाचं ओरडणं, "स्ट्रेचर आण, स्ट्रेचर!"

काचेपलीकडे काकींचा फोन वाजला. गोंधळलेली आजी बोलत होती: ह्यांना काहीतरी होतंय, गाडी पाठवा.

आजोबा वाचले. संध्याकाळी भाऊ पेढा मिळाल्यासारखा खुशीत होता. तिला मात्र चैन पडेना. घड्याळं पुढेमागे असतील म्हणून तिने सगळ्या यंत्रांची घड्याळं तपासली. ती चोख होती. जुनाच फोन दोनदा मोजला गेला असेल म्हणून ते तपासलं. तसंही नव्हतं. लॅपटॉपवर हजार तऱ्हांनी करून पाहिलं. तिथे प्रोग्राम इमानदारीत फोनची वाट बघत बसायचा.

मग तिने एक कडी घातली. हॉलमध्ये आलेल्या प्रत्येक फोनला एक क्रमांक मिळायचा. तो क्रमांक असल्याशिवाय गाडी हलणार नाही, असं तिने लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी एक गाडी हलली. क्रमांकासकट. तो क्रमांक तोवर कुणालाच दिलेला नव्हता. गाडी एका कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली, आणि थोड्याच वेळात तिथूनच फोन आला: कुणाचा तरी हात यंत्रात अडकला होता. त्या फोनला नेमका तोच क्रमांक मिळाला.

तो हातही वाचला.

"बंद करू का?" तिने मॅडमना विचारलं.

"माणसं जगतायत," मॅडम म्हणाल्या. जरा वेळाने हळूच म्हणाल्या, "मला कारण सांगू नका."

आणि मग ती दुपार आली. जेवणं नुकतीच आटोपली होती. भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर एक ठिपका हलला. मग दुसरा. मग सगळेच. शहरातली एकूण एक रुग्णवाहिका एकाच जागी निघाली होती: छप्पर असलेल्या जलतरण तलावाकडे.

हॉलमध्ये एकही फोन वाजत नव्हता.

"परत बोलवा!" मॅडम उठून उभ्या राहिल्या. "अख्खं शहर उघडं पडलंय! बंद करा तो सर्व्हर, आत्ताच्या आत्ता!"

तिचा हात कीबोर्डवर गेला. एक आज्ञा दिली की सगळं थांबलं असतं. तिने हात मागे घेतला आणि भावाला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"तलावाच्या दारात. आम्ही सगळेच आलोय, ताई. आत मुलं पोहतायत. काही झालेलं नाही."

"सगळ्यांना बाहेर काढ."

"काय सांगून काढू?"

"काहीही सांग. पाण्यात विष आहे म्हण. पण काढ!"

"नोकरी जाईल हं तुमची," मॅडम म्हणाल्या. पण त्यांनी तिच्या हातातला फोन काढून घेतला नाही.

फोनमधून ऐकू येत होतं. शिट्टी. पाण्याचे सपकारे. पोहायला शिकवणाऱ्या बाई भांडत होत्या, "अहो, मुलं ओली आहेत! मला निदान ऑफिसातून फोन तरी घेऊ द्या माझा!"

"फोन राहू दे, बाई! चला!"

अनवाणी पावलं. रडारड. रस्त्याचा आवाज.

आणि मग असा आवाज, की तिने फोन कानापासून दूर धरला.



"ताई," भाऊ खोकत म्हणाला. "छप्पर आलं खाली. सगळंच्या सगळं." तो रडत होता की हसत होता, कळेना. "एक पोर कमी नाही गं! मोजून घेतली. बाई माझ्या शेजारीच उभ्या आहेत. कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. बायकांनी हेडफोन भिरकावले. मॅडमनी तिला घट्ट मिठी मारली आणि हुंदके देऊन रडल्या. ती खुर्चीत बसली आणि आपण जिंकलो, हे तिला पहिल्यांदाच अंगभर जाणवलं.

तेवढ्यात काकींचा फोन वाजला.

मग शेजारचा. मग सगळेच.

काकींनी हेडफोन चढवला. पडद्यावर पोहायला शिकवणाऱ्या बाईंचा नंबर होता. तो फोन ढिगाऱ्याखालच्या ऑफिसात राहिला होता.

"बोला," काकी म्हणाल्या.

कुणीतरी स्पीकर लावला. पाण्याचा घुमणारा आवाज आला. आणि बाईंचा, धाप लागलेला: "छप्पर पडलंय. मुलं आहेत माझ्याजवळ. अंधार आहे. लवकर या."

तिच्या हातातल्या फोनवर, भावाच्या शेजारी, तोच आवाज कुणाला तरी टॉवेल मागत होता.

काकींनी सर्वांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाचा फोन मध्येच ठेवला नव्हता.

"घाबरू नका," त्या हळुवार म्हणाल्या. "गाड्या दारातच उभ्या आहेत. मुलांना घेऊन या, बसा."

एकेक करून सगळे फोन शांत झाले.

गाड्या परत निघाल्या. नकाशावर ठिपके सावकाश सरकत होते, नेहमीपेक्षा खूप सावकाश.

"ताई," भाऊ म्हणाला, "गाडी मागे रिकामीच आहे. मग चढावर ही एवढी जड का चालतेय?"