बनूच्या हातची मिश्री

पूर आला की आष्ट्याच्या आमच्या शाळेत छावणी लागते आणि निस्तरायचं असतं मला. मी गणित शिकवते. यंदा ट्रकभर बिस्किटं आली, कुणीतरी लग्नातले कोटही पाठवले. मिश्री मात्र आली नाही.

आणि मिश्री लावल्याशिवाय छावणीतल्या म्हाताऱ्या हरणाबाई चहासुद्धा घेईनात. त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या उपाशीपोटी चालत नाहीत. दोनदा चक्कर येऊन पडल्या. मदतवाल्यांना सांगितलं, तर म्हणाले, "व्यसनाचं सामान देत नाही, मॅडम." शेवटी मीच दुकानातून डबी आणली. त्यांनी हुंगून परत केली.

"ही न्हाई, बाई. आमची बनू भाजती तसली."

मी कपाळाला हात लावला. बनूबाई म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. म्हशीपायी घरीच राहिलेली. त्या घराचं आता कौलही दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातवीच्या वर्गात भाजलेल्या तंबाखूचा वास कोंदला होता. हरणाबाई भिंतीला टेकून निवांत बोटानं दात घासत होत्या. मग चहा घेतला, भाकरी खाल्ली, गोळी घेतली.

"कुणी दिली, आज्जी?"

"बनूनं. पाटंच्याला आली हुती. वली चिंब. लुगडं बदल म्हनलं, तर थांबली न्हाई."

दारात झोपलेल्या बायकांनी कुणालाच पाहिलं नव्हतं. फरशी कोरडी होती. माझं डोकंच फिरलं. भुतंखेतं मी मानत नाही. मिश्री आली म्हणजे बाई जिवंत आहे, एवढा साधा हिशेब. तिला आणायला बोट मिळेना, म्हणून अधिकाऱ्यांशी घसा बसेपर्यंत भांडले.

दुपारी बोट बनूबाईंना घेऊन आली. बाभळीत अडकल्या होत्या.

"तीन-चार दिवस तरी झालेत," डॉक्टर म्हणाले.

"अहो, आज पहाटे आली होती ती," मी त्यांच्यावरच ओरडले. आणि मग रडूच आलं.

हरणाबाई रडल्या नाहीत. जावेजवळ बसल्या आणि तिची वळलेली मूठ एकेक बोट सोडवत उघडली.

तळवा पाण्यानं पांढराफटक पडला होता. त्यात काळी मिश्री होती.

मी बोट लावलं.

कोरडी होती. कोमट होती.

हरणाबाईंनी ती पदराच्या टोकाला बांधून घेतली.

"उद्याचं भागलं," त्या म्हणाल्या.