काहिलीतलं पाणी

गुरम्मा त्या दुपारी घरातून निघाली ती गोवऱ्या आणायला. दुसरं काही कारण नव्हतं. सून रुद्राणीचे दिवस भरत आले होते, बाळंतिणीच्या शेकाला गोवऱ्या लागणार, आणि त्या नदीकाठच्या बाभळीखाली रचून ठेवलेल्या होत्या. वैशाखाचं ऊन. अशा उन्हात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. पण गुरम्माला घरात बसवत नसे. बसलं की विचार येत, आणि विचारांपेक्षा ऊन बरं.

बेटचिंचोळी हे गाव मांजरा नदीच्या दोन धारांच्या मध्ये आहे. साठेक उंबरे. पावसाळ्यात चहूकडून पाणी, आणि पलीकडं जायला साधन एकच, गुरम्माच्या घरची गूळ आटवायची काहील. लोखंडी पत्र्याची, आठ माणसं बसतील एवढी पसरट. हिवाळ्यात तिच्यात उसाचा रस उकळायचा आणि पावसाळ्यात तिच्यात माणसं बसायची. दोन्ही काठांना दोर बांधलेला, तो ओढत ओढत पलीकडं जायचं. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा पुलाचा अर्ज उस्मानाबादेहून लातूरला गेला, एवढाच काय तो बेटाला झालेला फायदा. गुरम्माचा नवरा भीमाशंकर त्या अर्जापायी महिन्यातून दोनदा लातूरला खेटे घाली. त्या दिवशीही तो तिकडंच होता.

पण गेली दोन वर्षं पूल हवाच कुणाला? पाऊसच नव्हता. दोन्ही धारा आटल्या, ऊस जळाला, गुऱ्हाळ बंद पडलं. बेटाचं बेटपणही गेलं. बाया डोक्यावर घागरी घेऊन रेतीतून पलीकडच्या काठावर जात. तिथं टँकर येई, आला तर. काहील बाभळीखाली तीन दगडांवर पडून होती. गंजून लाल झाली होती. तिच्याकडं कुणी बघत नसे, आणि गुरम्मा तर मुद्दाम बघत नसे.

त्या दुपारी मात्र बघावं लागलं, कारण वास आला.

पुराचा वास. नवं गढूळ पाणी काठावर चढतं तेव्हा येतो तो. कुजलेला पाला, ओली माती, वाहून आलेलं लाकूड. दोन वर्षांत तो वास कुणाच्या नाकाला शिवला नव्हता. गुरम्मा थबकली. वारा नव्हता. बाभळीवर एक पाखरू नव्हतं. ती दोन पावलं पुढं झाली आणि वाकून बघितलं.

काहिलीत चार बोटं पाणी होतं.

स्वच्छ. तळाचा गंज दिसत होता. आणि वर आभाळ तापलेलं असताना त्या पाण्यावरून गार हवा तिच्या गालाला लागली.

कुणीतरी साठवलं असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. पण ज्या गावात लेकराच्या आंघोळीचं पाणी म्हशीला पाजतात, त्या गावात असं उघड्यावर पाणी कोण टाकील? ती मागं फिरली. गोवऱ्या घेतल्याच नाहीत.

"अत्या, गोवऱ्या?" रुद्राणीनं दारातच विचारलं.

"ओल्या हायत अजून," गुरम्मा म्हणाली.

वैशाखात ओल्या गोवऱ्या! रुद्राणी बघतच राहिली. पण सासूपुढं बोलायची तिची रीत नव्हती.

खोटं बोलायची गुरम्माला सवय नव्हती. अख्खं बेट तिला अम्मा म्हणे. सकाळी लिंगपूजा केल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नसे, आणि टँकरवर भांडण लागलं तर बाया तिच्याच शब्दावर थांबत. उभ्या जन्मात ती एकदाच मोठं खोटं बोलली होती. तीन वर्षांपूर्वी, श्रावणात.

तेव्हा मांजरा दुथडी भरलेली. गुरम्माच्या शेतात राबणाऱ्या गुणाबाईची लेक सिंधु पहिलटकरीण होऊन माहेरी आली होती. दोन दिवस अडली. सुईणीनं हात टेकले. भरल्या दुपारी गुणाबाई पदर पसरून दारात आली : "अम्मा, काहील द्या. पलीकडं नेलं तर पोर वाचंल." भीमाशंकर गावात नव्हता. द्यायची की नाही हे एकट्या गुरम्माच्या हातात होतं. आणि गुरम्माच्या डोक्यात त्या घटकेला सासूचा शब्द उभा राहिला : अडलेली बाई काहिलीत बसली, तिथंच बाळंत झाली, तर विटाळ लागतो, त्या काहिलीत गूळ पुन्हा धरत नाही. मठातले स्वामी तर दरसाल सांगायचे की ज्याच्या गळ्यात लिंग आहे त्याला कसलाच विटाळ नाही, आणि गुरम्मा पहिल्या रांगेत बसून मान डोलवायची. त्या दिवशी गळ्यातलं लिंग गळ्यातच राहिलं. "न्हाई" म्हणायचीही तिला लाज वाटली. म्हणून ती म्हणाली, "तळाला भोक पडलंय, गुणे. बुडंल की सगळीजणं."

गुणाबाईनं विश्वास ठेवला. अम्मा खोटं कशाला बोलतील? चौघांनी सिंधुला बाजेवर बांधलं, बाजेखाली वाळले भोपळे बांधले आणि पाण्यात घातलं. मधल्या धारेत बाज उलटली. पुरुष पोहून निघाले. सिंधु बांधलेली होती. बाज तीन कोसांवर मिळाली, दोर तसेच गाठ मारलेले, आणि सिंधु त्यात नव्हती. पुढं नदी आटली, डोह आटले, तळाचा खडक उघडा पडला, तरी तिचं हाडसुद्धा कुणाला दिसलं नाही.

त्या हिवाळ्यात भोकाला ठिगळ मारलं असं सांगून गुरम्मानं त्याच काहिलीत गूळ आटवला, आणि गुणाबाईच उलट तिची समजूत घाली. "तुमी तरी काय करणार, अम्मा? भोकच व्हतं." हे वाक्य ऐकलं की गुरम्माला मेल्याहून मेल्यासारखं होई. तीन वर्षांत ते तिनं किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाबाईच ओरडत आली. "अम्मा! चला! काहिलीत पाणी हाय!"

सगळ्या बाया जमल्या होत्या. पाणी आता वीतभर झालं होतं. तहानेनं नुसते घसे हलत होते. गुणाबाई काहिलीभोवती फिरली, वाकली, बुडाखाली हात घालून चाचपून आली. हात कोरडा.

"पर अम्मा," ती हळूच म्हणाली, "हिच्या तळाला तर भोक हाय न? त्या सालचं ठिगळ गंजून गळालं असंल. मग पाणी ठरलं कसं?"

सगळ्याजणी गुरम्माकडं बघत होत्या. सांगायचं असेल तर हीच वेळ होती. आणि ती म्हणाली, "देवाची करणी..."

झालं. देवाची करणी! एक बाई लगेच पाया पडली. कुणी कुंकू आणायला धावली. फुटक्या काहिलीत पाणी ठरलं, बेटावर चमत्कार झाला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. प्रत्येक बाईची नजर गुरम्माला बोचत होती, आणि त्या बिचाऱ्या नुसत्या भक्तिभावानं बघत होत्या. असं ठरलं की पूजा झाल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही. आज टँकरचा वार. आधी टँकर गाठू, येताना पलीकडून नारळ आणू, पूजा अम्मांच्या हातून.

"तवर तुमी राखण बसा, अम्मा," गुणाबाई म्हणाली, आणि बाया घागरी घेऊन रेतीत उतरल्या.

गुरम्मा एकटी उरली. सावली पायाशी आली. ऊन इतकं चढलं की पलीकडचा काठ हलताना दिसू लागला. तिनं पाण्यात बघितलं. मघाशी बायांनी कुंकवाचं बोट काहिलीच्या आतल्या कडेवर ओढलं होतं. पाणी त्या रेघेला टेकलं होतं. मघा नव्हतं टेकलं.

आता त्या येतील. नारळ फोडतील. आपल्या हातून पूजा करवतील. आणि उद्या एखादा लोहार किंवा कुणी शहाणा वाकून बघेल आणि म्हणेल, अहो, हिला भोक कुठंय, ठिगळ कुठंय?

चांगल्या बाईला वाईट बुद्धी सुचते ती लाजेपायी. गुरम्मा उठली, गुऱ्हाळाच्या छपरातून पहार आणली, आणि काहिलीच्या बुडाशी बसली. खोटं खरं करायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पहिल्या घावाला नुसता आवाज झाला, घंटेसारखा, कोरड्या नदीभर. दुसऱ्या घावाला गंजाच्या पापड्या तोंडावर आल्या. तिसऱ्याला पहार आत गेली.

तिनं पहार ओढून काढली. अंगठा जाईल एवढं भोक.

पाणी आलं नाही.

ती थांबली. एक थेंब नाही. खाली वाकून तिनं भोकाला डोळा लावला. आत पाणी होतं, भोकाच्या तोंडाशी अडून राहिलेलं, हलत नव्हतं. उजेड त्यातून हिरवट येत होता. तिनं कान लावला. आत खोल, फार खोल, पुराचा आवाज होता... आणि त्या आवाजात मधूनच दुसरा एक. बाई कळा देताना दातांवर दात दाबते, तसा.

"आज पाडलं व्हय, अम्मा?"

गुरम्मा वळली. गुणाबाई चार पावलांवर उभी होती. मागं रेतीतून बाकीच्या येत होत्या. टँकर वाटेतच कुठं रुतला होता, घागरी रिकाम्याच होत्या. गुणाबाई पहारीकडं बघत होती. मग तिनं ताज्या भोकाकडं बघितलं. पत्रा कडेनं पांढरा चकाकत होता.

"म्हंजी तवा..." गुणाबाई म्हणाली. "तवा... न्हवतं?"

गुरम्माला लपायला जागा नव्हती. "न्हवतं," ती म्हणाली.

"मग कामून न्हाई दिली?"

"विटाळ... गूळ धरला नसता म्हून..."

"गुळापायी."

"हाव... गुळापायी."

बाया येऊन पोचल्या होत्या. सगळ्यांनी ऐकलं. कुणी शिवी दिली असती, कुणी थुंकली असती, तर गुरम्माला बरं वाटलं असतं. कुणीच काही केलं नाही. त्या वर्षी गूळ फार चांगला धरला होता. पिवळाधमक. संक्रांतीला एक ढेप गुणाबाईच्या घरीही गेली होती. तिनं ती पाया पडून घेतली होती. हे गुरम्माला आठवलं, आणि गुणाबाईलाही आठवलं असावं, कारण तिनं पदरानं तोंड पुसलं, पुन्हा पुन्हा पुसलं, जणू ओठांना काही चिकटलं होतं.

मग ती काहिलीपाशी गेली. घागर बुडवली. घागर भरली, तशी नेहमीसारखी गुडगुडली. ती तिनं एका बाईच्या डोक्यावर दिली. "ही रुद्राणीला न्या. तिच्या पोटातल्यानं काय केलंय?"

एकेक बाई पुढं झाली. घागरी भरल्या, कळश्या भरल्या. पाण्याची पातळी हलली नाही. पोरी ओंजळीनं प्यायल्या. पाणी गोड होतं म्हणे. गुरम्मा बाजूला उभी होती. कालपासून तिच्या पोटात थेंब नव्हता. जीभ टाळूला चिकटली होती.

"या, अम्मा," गुणाबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. "तुमी बी प्या. तहानलेल्याला न्हाई म्हनू नये."

गुरम्मानं मान खाली घालून ओंजळ पुढं केली. गुणाबाईनं कळशी तिरपी केली. धार पडताना सगळ्यांनी बघितली. पायाखालची रेती काळी झाली, भिजली. पण गुरम्माच्या तळहाताला काही लागलं नाही. गार नाही, ओलं नाही. ओंजळीच्या रेघांत सकाळची राख होती, विभूतीची, ती तशीच कोरडी होती.

गुणाबाई वाट बघत होती. मागच्या सगळ्या बाया वाट बघत होत्या. आता आणखी काय सांगायचं त्यांना? गुरम्मानं रिकामी ओंजळ ओठांना लावली. घसा हलवला. एकदा, दोनदा, पाणी गिळतात तसा.

"भागली का तहान?" गुणाबाईनं विचारलं.

"भागली," गुरम्मा म्हणाली.

आणि काहिलीतलं पाणी, तिच्या डोळ्यांदेखत, बोटभर वर चढलं.