शनिवारची पेशंट

माझा घसा बसला होता म्हणून मी त्या दिवशी आमच्या वसईजवळच्या निर्मळ गावातल्या सरकारी दवाखान्यात गेले. चौथीच्या वर्गाला सकाळभर कविता म्हणून दाखवल्यावर दुसरं काय होणार... टेबलाशी मुंबईच्या मेडिकल कॉलेजातून आलेला एक विद्यार्थी बसला होता. मान वर न करता तो म्हणाला, "काय होतंय? लवकर सांगा."

मागून आवाज आला, "सेबॅस्टियन, बाहेर जा. पुन्हा आत ये आणि आधी त्यांचं नाव विचार."

बिचारा बाहेर गेला, आत आला, नाव विचारायला विसरला, पुन्हा बाहेर गेला. मला हसू आवरेना. बसलेल्या घशातून ते खोकल्यासारखं बाहेर पडलं.

"हसू नका," बोलणारा पुढे आला. उंच, सडपातळ, बाहीवर शाईचा डाग. "त्याला वाटेल, पेशंट बरी झाली."

"मी क्लेमेंटीन. शिक्षिका आहे. वर्गाबाहेर मीही पाठवते. पण माझी मुलं नऊ वर्षांची असतात."

"तुम्ही नशीबवान. माझ्याकडे येतात तेव्हा विशीतली असतात. उशीर झालेला असतो."

ते डॉक्टर फ्रेडरिक डाबरे. साल १९७८. कॉलेजात ते शिकवत, आणि वरिष्ठांच्या मागे लागून त्यांनी वर्षभराची परवानगी मिळवली होती. विद्यार्थ्यांनी दर आठवड्याला काही दिवस गावात राहायचं, औषधांबरोबर माणसाशी बोलायलाही शिकायचं. वर्षाअखेर विद्यापीठाची समिती बघायला येणार होती. तिला पटलं तर हा भाग अभ्यासक्रमात कायमचा येणार होता, आणि डॉक्टरांना निर्मळलाच शिकवायची जागा मिळणार होती.

"शनिवारी शाळा सुटल्यावर आमची खोटी पेशंट व्हाल का?" त्यांनी विचारलं. "खऱ्या आजारी माणसावर करण्यापेक्षा पोरांनी तुमच्यावर चुका कराव्यात."

"आणि मला काय मिळणार?"

"दर शनिवारी नवा आजार."

मी हो म्हटलं. घरी मी आणि पप्पाच. अर्धांगवायूने पप्पांची उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली. भरवण्यापासून सगळं माझ्याकडे. शाळेच्या वेळात शेजारची जुलियाना मावशी त्यांच्यापाशी बसे. शनिवारचा तो एक तास... तो फक्त माझा होता.

कसं विचारायचं, हे दाखवायला आधी डॉक्टर स्वतः समोर बसत.

"झोप लागते का?"

"नाही."

"कधीपासून?"

"गेल्या शनिवारपासून."

"तेव्हा काही विशेष घडलं होतं?"

"तुम्हीच आठवा, डॉक्टर."

मुलं मान खाली घालून लिहीत – 'झोप नाही, एक आठवडा.' फक्त उर्सुला नावाची मुलगी पेन ओठांवर धरून आमच्याकडे आळीपाळीने बघत राही.

हस्ताच्या पावसात एकदा आम्ही दोघं शाळेच्या पडवीत अडकलो. समोरच्या वाडीतली केळीची पानं फडफडत होती. ते बाहीवरचा शाईचा डाग चोळत होते. मग म्हणाले, "समितीने हो म्हटलं की मी तुमच्या पप्पांना भेटायला येईन."

"त्यांना काय होतंय ते बघायला?"

"नाही... मला काय होतंय ते सांगायला."

मी पावसाकडे बघत राहिले. त्यांच्याकडे बघायचं धैर्य नव्हतं.

जानेवारीत समिती आली. उर्सुला डॉक्टर झाली, मी पेशंट. ठरलं होतं पोटदुखीचं. पण तिने शिकवल्याप्रमाणे हळूच विचारलं, "घरी कोण कोण असतं?" आणि माझं पाठ केलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे. मी पप्पांचं सांगू लागले. मी त्यांची दाढी करते तेव्हा ते लाजेने भिंतीकडे तोंड वळवतात, ते सांगितलं. "कधी कधी वाटतं, हे लवकर संपावं," मी म्हणाले, "आणि मग मला माझीच भीती वाटते."

उर्सुलाने वही मिटली. स्टूल जवळ ओढून ती नुसती बसली. डॉक्टर खिडकीकडे तोंड करून उभे होते.

समितीचे प्रमुख खरंच भारावले होते. "वा, बाई. तुम्ही रंगभूमीवर जायला हवं होतं. डाबरे, नाटक छान बसवलंय. पण याला गुण कसे देणार? आणि प्रत्येक कॉलेजला अशी बाई कुठून आणणार?"

"सर, ते नाटक नव्हतं."

"मग तर आणखीच कठीण," ते चष्मा पुसत म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याला ते खरंच कठीण वाटलं.

महिन्याभरात नकार आला आणि पाठोपाठ डॉक्टरांची मराठवाड्यातल्या कॉलेजात बदली झाली. ते शाळेत आले तेव्हा वर्ग रिकामा होता.

"मी राजीनामा देतो," ते म्हणाले. "इथे नाक्यावर दवाखाना टाकतो. तुम्हाला पप्पांना सोडून जाता येणार नाही, मला ठाऊक आहे. मी इथे राहतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

हो ओठांवर आलं होतं. पण मला सेबॅस्टियन दिसला – तो आता दारात आलेल्या म्हातारीला हात धरून बसवत असे. उर्सुलाचं ते ओढलेलं स्टूल दिसलं. मराठवाड्यातही असेच सेबॅस्टियन असणार होते.

"वर्ग सोडून येऊ नका. पुढे तुम्हालाच ते सहन होणार नाही."

"हे शाळेतल्या बाई बोलतायत?"

"हो."

"आणि क्लेमेंटीन काय म्हणते?"

"तिला... तिला नका विचारू."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. निघताना वर्गाचं दार हलकेच ओढून घेतलं, जणू आत कुणी झोपलं होतं.

उर्सुला डॉक्टर होऊन वसईत रुजू झाली, तेव्हा मधे बरीच वर्षं गेली होती. एके संध्याकाळी ती भेटायला आली. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "सरांना तिथे शिकवूच दिलं नाही, बाई. वसतिगृह सांभाळायला लावलं. शेवटी कंटाळून कुवेतला गेले. दिवसभर अंधाऱ्या खोलीत एक्स-रे बघतात. म्हणाले, बरं आहे, कुणाशी बोलावं लागत नाही."

"असं म्हणाले?"

"हसून म्हणाले."

शिकवणारा माणूस वाचावा म्हणून मी त्यांना पाठवलं होतं.

"लग्न?" मी विचारलं.

"नाही. मी विषय काढला तर म्हणाले, एकदा विचारून झालंय." ती माझ्याकडे बघू लागली. मी तिला केळी बांधून दिली.

ती गेल्यावर पप्पांना भरवायला बसले. "को...ण?" त्यांनी विचारलं.

"उर्सुला होती. सगळे मजेत आहेत म्हणाली."

मी चमचा पुढे केला. त्यांनी तोंड उघडलं नाही. माझा चेहरा बघत राहिले. मग डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि अर्धा भात सांडत, तो चमचा माझ्या तोंडाकडे वळवला.