आज दिसला का?

"हलू नका..."

ओढ्यापलीकडून आवाज आला आणि उमामा बसल्या जागी थिजली. साप असणार, असंच तिला वाटलं. मांडीवर कॅमेरा, खांद्याला टेकवलेली छत्री, पानांतून ठिबकणारं पाणी – आणि समोरच्या झुडपाआड एक अनोळखी तरुण, हातात कॅमेरा, तिच्याकडे डोळे लावून.

मग तो म्हणाला, "उडाला. तिबोटी खंड्या. तुमच्या छत्रीच्या टोकावर बसला होता."

उमामाला रडावं की हसावं तेच कळेना. धाटावच्या कंपनीत, लॅबमध्ये ती कामाला. रविवार आला की रोह्याहून स्कूटी काढायची आणि गागोद्याचं हे रान गाठायचं, ते त्या चिमणीएवढ्या केशरी-जांभळ्या पक्ष्याच्या एका फोटोसाठी. आणि तो डोक्यावर येऊन बसला, तर तिलाच दिसला नाही.

"फोटो तरी दाखवा."

"काढला नाय."

"का?"

त्याने कानामागे खाजवलं. "विसरलो."

कॅमेरा हातात असून कोणी विसरतं? थापाड्या मेला, ती मनात म्हणाली. मग घरी जाताना वाटेत एकटीच का हसत होती, कोण जाणे.

वासिफ त्याचं नाव. घर पेणला, नोकरी कुवेतला. सुट्टीवर आला होता. आता दर रविवारी तो ओढ्यावर दिसू लागला. नंबर दिला-घेतला गेला, आणि एरवीच्या दिवशीही त्याचा मेसेज येऊ लागला – आज दिसला का?

"कंपनीत खंड्या कुठून दिसणार?" ती लिहायची.

उत्तरात नुसता हसरा चेहरा. हा पक्ष्याचं विचारतो, की... तिच्या हातून एकदा नमुन्यांच्या बाटल्यांची लेबलंच उलटसुलट झाली.

गणपती तोंडावर आले होते. त्या रविवारी वासिफ उशिरा पोचला.

"पेणला मूर्तींच्या टेम्पोंची रांग लागलीय," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, "गुरुवारी माझं विमान हाय."

"बरं," उमामा म्हणाली. एवढंच. आणि आधीच पुसलेली कॅमेऱ्याची काच पुन्हा पुसू लागली.

तेवढ्यात ओढ्यातल्या दगडावर खंड्या येऊन बसला. चोचीत खेकड्याचं पिल्लू, पाठीवर निळीजांभळी झाक. उमामाने श्वास रोखला, कॅमेरा उचलला...

"उमामा... पुढच्या सुट्टीत अम्मीला घेऊन तुमच्या घरी येऊ?"

बोट भलत्याच क्षणी दाबलं गेलं. फोटोत नुसता केशरी फराटा. खंड्या पसार.

"आत्ताच विचारायचं होतं?"

"मग कधी विचारणार?"

तिचे कान तापले. तिने कॅमेरा बंद केला.

"पुढच्या सुट्टीत नको," ती म्हणाली.

वासिफचा चेहरा उतरला. तो मुकाट्याने बॅग आवरायला लागला.

"तोवर कोण थांबणार? गुरुवारच्या आत ये," उमामा म्हणाली. "अब्बा सध्या घरीच हायत."